रिपोर्ट फुटला कुठून, ते आधी शोधू या

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत): वाचक २९ वर्षांची आहे. ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात आईवडील, दादा-वहिनी यांच्यासोबत राहते, ऐरोलीला आयटीत नोकरी. मानेला गाठ आली, सुईची तपासणी झाली आणि गाठीचा टीबी निघाला. तपासणीला मामा सोबत होते म्हणून लॅबच्या फॉर्मवर त्यांचाच नंबर घातला, रिपोर्टची पीडीएफ त्यांच्या व्हॉट्सॲपवर गेली आणि त्यांनी ती 'कुणाच्या ओळखीचा चांगला डॉक्टर आहे का' असं विचारत फॅमिली ग्रुपवर टाकली. तिसऱ्या दिवशी लॅबच्या काउंटरवरचा मुलगा, जो त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, जिन्यात आईला म्हणाला, "ताईला टीबी निघाला ना, काळजी घ्या." अकराव्या दिवशी ज्या घरी लग्न ठरलंय तिथून मुलाच्या काकूंचा फोन आला, "आमच्यापासून काही लपवताय का?" पंधराव्या दिवशी आरोग्य केंद्राचा एक कर्मचारी आला आणि गेटवर वॉचमनला विचारत होता, टीबीचा पेशंट कुठल्या मजल्यावर. येत्या रविवारी मुलाकडचे घरी येणार आहेत. तिचे प्रश्न असे: डॉक्टरांनी माझं नाव सरकारला कळवलं हा गुन्हा नाही का, नवीन डेटा कायद्यात २५० कोटींचा दंड आहे म्हणतात तर मला भरपाई मिळेल का, आणि उरलेले उपचार वहिनीच्या नावावर दुसऱ्या हॉस्पिटलात घेतले तर चालतील का.

---

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणते, चालेल ना? सगळ्यात आधी तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते थांबू शकत नाही. नाही, वहिनीच्या नावावर औषधं घ्यायची नाहीत. तुझी औषधं साधारण ६ महिन्यांची असतात, पहिले २ महिने चार औषधं आणि पुढे तीन, आणि हे सगळं तुझ्या वजनावर, तुझ्या तपासण्यांवर, तुझ्या आधीच्या रेकॉर्डवर चालतं. मधे नाव बदललं तर नव्या डॉक्टरसमोर तू कोऱ्या पाटीसारखी जाणार आणि त्या गडबडीत आठवडाभर जरी खंड पडला तरी धोका तुलाच आहे. आणि वहिनीचा विचार केलास का? तिच्या नावावर टीबीची नोंद होईल, उद्या तिच्या बाळंतपणात, तिच्या इन्शुरन्समध्ये ती निघेल आणि ती म्हणेल मला तर कधी टीबी झालाच नव्हता. जे तुझ्याबाबतीत झालं, चुकीच्या ठिकाणी माहिती पोचली, तेच आपण तिच्याबाबतीत करून ठेवू. शिवाय ज्या नवीन कायद्यावर तुझी आशा आहे त्यातच लिहिलंय की आपली माहिती देताना दुसऱ्या व्यक्तीचं सोंग घ्यायचं नाही, त्याला १० हजारांपर्यंत दंड आहे.

आता राग. तुझा राग सगळ्यात जास्त आहे तो डॉक्टरांवर, सरकारला कळवलं म्हणून. पण तू स्वतः पत्रात तारखा दिल्यात त्या एका कागदावर उभ्या लिही बघू. पहिला दिवस, मामांच्या फोनवर पीडीएफ. तोच दिवस, फॅमिली ग्रुप. तिसरा दिवस, जिना. अकरावा दिवस, काकूंचा फोन. पंधरावा दिवस, आरोग्य केंद्राचा माणूस. म्हणजे काकूंना कळलं तेव्हा तो कर्मचारी तुमच्या गेटवर आलाही नव्हता. त्याने जे केलं ते चूकच आहे, त्यावर येतेच, पण लग्नाच्या घरी बातमी गेली ती त्या वाटेने नाही. उरल्या दोन वाटा, जिना आणि ग्रुप. त्या ग्रुपवर ३४ जण आहेत असं तूच लिहिलंयस आणि त्यातल्या एका मावशीच्या नणंदेचं घर मुलाच्या गल्लीत आहे हेही तूच लिहिलंयस, फक्त ते दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलंयस. मला वाटतं तुला मनातून माहितीये, पण मामांवर रागावणं जड जातंय, सरकारवर रागावणं सोपं आहे.

डॉक्टरांनी कळवलं हा गुन्हा नाही, न कळवणं हा गुन्हा ठरू शकतो. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, २०१८ मध्ये ते आणखी कडक झालं, लॅब आणि औषधांचं दुकान यांनाही त्यात घेतलं. ती नोंद निक्षय नावाच्या सरकारी पोर्टलवर होते. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या नियमांत, पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही असं आहे आणि त्याच्याच पुढे अपवाद दिलेत: कोर्टाने सांगितलं तर, कुणा विशिष्ट माणसाला गंभीर धोका असेल तर, आणि नोंद सक्तीची असलेला आजार असेल तर. तुझा तिसऱ्या खान्यातला. या नोंदीतूनच तुला मोफत औषधं मिळू शकतात, उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (ऑक्टोबर २०२४ पर्यंत ५०० होते), आणि घरातल्या कुणाला लक्षणं आहेत का ते बघितलं जातं.

पण सरकारला कळवणं वेगळं आणि वॉचमनला कळवणं वेगळं. घरभेट हा त्यांच्या कामाचा भाग आहे, गेटवर आजाराचं नाव घेणं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, आणि तो हक्क सगळ्यात आधी सरकारी यंत्रणेविरुद्धच आहे. तेव्हा तू आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक साधा अर्ज दे. लिही की घरी यायचं असेल तर आधी माझ्या नंबरवर फोन करा, गेटवर फक्त माझं नाव विचारा, आजाराचं नाव कुणाहीसमोर घेऊ नका, आणि शक्य असेल तर मीच केंद्रावर येऊन भेटेन. एवढं लिहून दिलं की बरेच अधिकारी ऐकतात, कारण पेशंट टिकावा हे त्यांनाही हवं असतं. त्या पोराची तक्रार करून त्याची नोकरी घालवावी असं मला वाटत नाही, दिवसाला कितीतरी घरं फिरणारी ही माणसं असतात, बऱ्याचदा त्यांना कुणी हे शिकवलेलंच नसतं. मात्र अर्जावर पोच घे, शिक्का आणि तारीख.

आता लॅब. इथे मात्र मी तुझ्या बाजूने ठाम आहे. जिन्यात त्या मुलाने जे केलं त्याला तो काळजी म्हणत असेल, आपल्याकडे अशी काळजी करायची सवयच आहे. मागे मी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका कलेक्शन सेंटरमध्ये रिपोर्ट घ्यायला गेले होते, काउंटरवर प्लास्टिकचा ट्रे, त्यात साठ-सत्तर पाकिटं उभी लावलेली, मुलगी फोनवर बोलत होती, तिने हाताने खूण केली की शोधून घ्या. मी माझं नाव शोधता शोधता वीसेक जणांची नावं, वयं आणि पाकिटाच्या खिडकीतून डोकावणारी तपासणीची नावं वाचली. त्यात माझ्या ओळखीचं एक नाव होतं. मी ते पाकीट पटकन मागे ढकललं आणि पुढचे कितीतरी दिवस ती बाई रस्त्यात भेटली की मला तिच्याशी नीट बोलता येईना, कारण मला नको असलेली तिची गोष्ट माझ्याकडे होती. तिला आजही माहीत नाही.

तेव्हा कायद्याने काय करता येतं ते नीट समजून घे, कारण आपल्याकडे पेशंटच्या माहितीसाठी असा एकच कायदा नाहीये. २०१८ मध्ये खास आरोग्याच्या डेटासाठी एका कायद्याचा मसुदा आला होता, तो कधी संसदेपर्यंत पोचलाच नाही. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात संमतीशिवाय सांगायला स्पष्ट मनाई आहे. मानसिक आजारासाठीही २०१७ चाच कायदा, त्यातही गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. टीबीसाठी असं वेगळं कवच नाही, आणि मला हे फार खटकतं, कारण लग्न मोडणं, भाड्याचं घर जाणं हे टीबीमुळेही होतं. म्हणून आपल्याला तुकडे जोडून काम करावं लागतं.

पहिला तुकडा म्हणजे तू ज्याची आशा धरून बसलीयस तो, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. २५० कोटी हा आकडा खरा आहे, माहिती सांभाळायची पुरेशी काळजी घेतली नाही तर जास्तीत जास्त तेवढा दंड होऊ शकतो. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, त्यातला रुपयाही तुला मिळत नाही. शिवाय नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि हॉस्पिटल-लॅब-कंपन्या यांच्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. आणि या कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळं स्थान नाही, तुझा टीबीचा रिपोर्ट आणि तुझा पिनकोड एकाच रांगेत. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते जिथे बोलता येईल तिथे बोलते.

दुसरा तुकडा जुना आहे आणि तुझ्या जास्त उपयोगाचा. आयटी कायद्यातलं कलम ४३ए आणि त्याखालचे २०११ चे नियम. त्यात वैद्यकीय रेकॉर्ड हा संवेदनशील डेटा म्हणून नाव घेऊन लिहिलाय, आणि निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. नवीन कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम जाणार आहे, म्हणून तोवर ते हातात आहे असं समज. याच नियमांनुसार लॅबला एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि एका महिन्याच्या आत तक्रार निकाली काढावी लागते. भरपाईचा अर्ज मात्र राज्याच्या आयटी सचिवांपुढे जातो आणि ती लढाई एकट्या माणसाला सोपी नाही हेही सांगते.

तिसरा तुकडा बऱ्याच लोकांना माहीतच नसतो, ग्राहक कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे असं लिहिलंय. तू लॅबला पैसे दिलेस, पावती आहे, म्हणजे तू ग्राहक. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तू राहतेस त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते, दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि वकील घ्यायलाच हवा असंही नाही. तोंडी बोललेली गोष्ट डिजिटल कायद्यात कशी बसवायची यावर वाद होईल, ग्राहक कायद्यात तो वाद नाही, जिन्यात सांगितलं ते सांगितलं.

त्या काउंटरवरच्या मुलाला डॉक्टरांची आचारसंहिता लागू नाही कारण तो डॉक्टर नाही. पण रिपोर्टवर सही करणारा पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर आहे, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालेल. रिपोर्टच्या खाली बघ, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर असेल. लॅबने दाद दिली नाही तर त्या नावावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. पोलिसात जाऊ का असंही विचारलंयस. करार मोडून माहिती फोडल्याबद्दल आयटी कायद्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आहे, पण त्यात नुकसान करायच्या हेतूने किंवा त्याची जाणीव ठेवून माहिती फोडली हे सिद्ध करावं लागतं आणि त्या मुलाच्या मनात तसं काही होतं असं तुझ्या पत्रावरून मला दिसत नाही. तो रोज जिन्यात भेटणार आहे. मी तुझ्या जागी असते तर पोलीस स्टेशनला गेले नसते.

मी आधी एक पत्र लिहिलं असतं, लॅबच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. असं काहीसं: "मी अमुक तारखेला आपल्याकडे तपासणी केली, पावती क्रमांक अमुक. आपल्या कर्मचाऱ्याने माझ्या आजाराची माहिती अमुक तारखेला माझ्या संमतीशिवाय तिसऱ्या व्यक्तीला सांगितली. माझा रिपोर्ट कोणकोणत्या नंबरवर आणि कुणाला पाठवला, तो कुणी कुणी उघडला, याची लेखी माहिती द्यावी. माझ्या नोंदीतला मोबाइल नंबर बदलून माझा करावा. कर्मचाऱ्यांना गोपनीयतेबद्दल काय सूचना दिल्या आहेत ते कळवावं. एका महिन्यात उत्तर न आल्यास मी पुढची कारवाई करेन." बस, एवढंच. शिव्या नकोत, रडणं नको, तारखा हव्यात. बऱ्याचदा एवढ्या पत्रावर मालक स्वतः फोन करतो. त्याने माफी मागितली आणि त्या मुलाला समज दिली, तर तेवढ्यावर थांबायचं की आयोगात जायचं हे तू ठरव. आयोगात जाणं चूक नाही, पण तिथे तुझा आजार कागदावर परत परत लिहिला जाईल याची तयारी ठेव.

आता मामा. वरच्या एकाही कायद्याचा हात मामांपर्यंत पोचत नाही, नवीन डेटा कायद्यात तर सरळ लिहिलंय की घरगुती, खासगी कारणासाठी वापरलेली माहिती यात येत नाही. मामांनी वाईट हेतूने केलं नाही, त्यांना डॉक्टर शोधायचा होता. पण रिपोर्ट तुझा होता, आणि कुणाला सांगायचं ते ठरवायचा हक्क त्यांनी तुला न विचारता वापरला. हे त्यांना तुझ्याच तोंडून कळलं पाहिजे, आईकडून नको. एकटं गाठून सांग की मामा, तुम्ही माझ्यासाठी धावलात ते मी विसरणार नाही, पण तो मेसेज तुम्ही काढायला हवा आणि ग्रुपवर लिहायला हवं की ज्यांनी डाउनलोड केलाय त्यांनी डिलीट करा. आता सगळ्यांसाठीचं डिलीट होणार नाही, वेळ निघून गेलीय, तरी लिहायला लावच. आणि फॉर्मवर त्यांचा नंबर घालायला तू होकार दिला होतास, हे रागवायला म्हणून नाही सांगत, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतेय. आपण बायका विशेषतः, लॅबच्या फॉर्मवर वडलांचा, नवऱ्याचा, भावाचा नंबर सहज घालतो. स्वतःचा घाला. सोबत येणारा सोबत येऊ दे, पैसेही देऊ दे, नंबर आपलाच.

आणखी एक, रिपोर्ट प्रिंट करायचा म्हणून आपण झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, दोन रुपयांची प्रिंट घेऊन निघतो आणि तो रिपोर्ट त्याच्या फोनमध्ये वर्षभर पडून राहतो. पेनड्राइव्हवर न्या, नाहीतर तिथे उभं राहून त्याला डिलीट करायला लावा. हॉस्पिटलच्या काउंटरवर 'आभा कार्डासाठी ओटीपी सांगा' म्हणाले तर आधी विचारा कशासाठी, ते १४ आकडी सरकारी आरोग्य खातं ऐच्छिक आहे, रेकॉर्ड एका जागी राहतं हा त्याचा फायदाही आहे, पण न समजता ओटीपी द्यायचा नाही. ऑफिसला सुट्टीसाठी सर्टिफिकेट द्यायचं असेल तर डॉक्टरांना विनंती करा की त्यात किती दिवस विश्रांती आणि कधीपासून फिट एवढंच लिहा. आणि हे फक्त छोट्या लॅबचं दुखणं आहे असं समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कितीतरी दिवस तिथे कागदावर काम चाललं होतं.

राहिला रविवार. तुझे काका म्हणतायत की सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, लग्नाआधी आजार सांगावा लागतो. ते १९९८ च्या एका केसबद्दल बोलत असावेत. त्यात एका माणसाला एचआयव्ही असल्याचं हॉस्पिटलकडून बाहेर गेलं, लग्न मोडलं, त्याने भरपाई मागितली आणि कोर्टाने दिली नाही, कारण होणाऱ्या बायकोला लागण व्हायचा धोका होता. तुझी गोष्ट तशी नाही. फुफ्फुसात टीबी नसेल, फक्त गाठीत असेल, तर तो खोकण्या-बोलण्यातून, एका ताटात जेवण्यातून कुणाला लागत नाही. तुझ्या डॉक्टरांना विचार, छातीचा एक्सरे साफ आहे का, आणि तसं दोन ओळींत लिहून घे. तो कागद तुझ्यासाठी आहे, तो कुणाला दाखवायचाच असं नाही.

तू लिहिलंयस की आई म्हणते सरळ नाही म्हणून सांगू, साधी गाठ होती. मी आईची घालमेल समजू शकते. पण खोटं बोललीस तर पुढचे पाचेक महिने रोज सकाळी लपून गोळ्या घ्याव्या लागतील, आणि ज्या घरात जायचंय तिथे पहिल्याच दिवसापासून भीती घेऊन जाशील. कायद्याने तू त्या काकूंना उत्तर द्यायला बांधील नाहीस, एका शब्दानेही नाही. मुलाला सांगायचं की नाही हा मात्र वेगळा प्रश्न आहे, तो तुझ्या-त्याच्यामधला आहे, काकूंचा नाही, ३४ जणांच्या ग्रुपचाही नाही. मला विचारशील तर सांग. रविवारी सगळ्यांसमोर, पोह्यांच्या बशा हातात असताना नको. शनिवारी त्याला एकट्याला भेट, तलावपाळीला एक फेरी मार, आणि तुझ्या शब्दांत सांग की मला गाठीचा टीबी झालाय, पाच आठवडे औषधं चालू आहेत, अमुक महिन्यात संपतील, लागण होत नाही, तुझ्या काकूंना हे माझ्याआधी कळलं याचं मला वाईट वाटतंय. मग तो काय विचारतो ते ऐक. तो आधी तुझी तब्येत विचारतो की आधी 'घरी काय सांगू' म्हणतो, त्यावरून तुला पुढचं बरंच ठरवता येईल.

लॅबचं पत्र शनिवारच्या आधी पोस्टात पडलेलं असू दे. पावतीचा फोटो काढून ठेव, आणि हो, यावेळी प्रिंट काढायला पेनड्राइव्ह ने.